गालिच्याची पाठ

नवा गालिचा घ्यावयाचा झाला म्हणजे आपण प्रथम त्याची वेलबुट्टी पाहतों. जाणता ग्राहक मात्र तो आधीं उलटा करून पाहतो. हातानें गांठी मारून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी व एकेक गांठ स्पष्ट दिसते, आणि त्याची झालर म्हणजे उभ्या धाग्यांचींच टोकें होत. पाठीला कापड चिकटविलेलें असेल, तर आंतील लोकर बहुधा गांठींनीं नव्हे, रबरी लेपानें धरलेली असते. असा गालिचा स्वस्त पडतो, पण कमी टिकतो.

घेण्यापूर्वीं खोलीची लांबीरुंदी दोन-दोन ठिकाणीं मोजावी. कारण भिंती अगदीं समांतर क्वचितच असतात. दार गालिच्याला घासणार नाहीं, हेंही पाहावें. जमीन कोरडी असल्यावांचून तो अंथरूं नये. ओल धरल्यास तो कुजतो. खालीं अस्तर घातल्यास तो सरकत नाहीं व कमी झिजतो.

पाठ पाहण्याचें आणखी एक कारण आहे. उत्तर प्रदेशांतील भदोही व मिर्झापूर हा प्रदेश गालिच्यांसाठीं विख्यात आहे. तेथील मागांवर लहान मुलेंही राबविलीं जात. त्यावर उपाय म्हणून कैलास सत्यार्थी यांच्या पुढाकारानें १९९४ सालीं ‘रगमार्क’ हें चिन्ह निघालें; आज त्याचें नांव ‘गुडवीव्ह’ आहे. मागांची तपासणी करून ही क्रमांकित चिठ्ठी गालिच्याला लावितात.

विद्यार्थिमित्रांनो, वडीलधाऱ्यांबरोबर दुकानांत जाल, तेव्हां ही चिठ्ठी अवश्य शोधा. आपल्या पायांखालील मऊपणा तुमच्याच वयाच्या बोटांनीं विणलेला नसावा, एवढी खबरदारी घेणें हा खरेदीचाच भाग होय.