मॅक्रो लेन्स निवडताना : ती काय दाखवते आणि काय पुसते

(परभणी येथे शेतीतील छायाचित्रणावर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



मॅक्रो लेन्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सगळ्यात चांगली कोणती?" त्यावर माझा उलटा प्रश्न असतो, फोटो कशासाठी काढायचाय? भिंतीवर लावायला, की कोणाला तरी दाखवून उत्तर मिळवायला?

आपल्या परभणी जिल्ह्यात दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. इथं कपाशी आहे, सोयाबीन आहे, तूर आहे. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, कुठंही जा, पानावर काहीतरी दिसलं की फोटो निघतो आणि तो कृषी सहायकाला, दुकानदाराला, नाहीतर कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाला जातो. १९७२ पासून हे विद्यापीठ आपल्या गावात आहे, त्यामुळे विचारायला माणूस मिळतो. पण तो माणूस शेतात नसतो. त्याच्यापुढं फक्त तुमचा फोटो असतो, आणि त्यावरून फवारणी ठरते.

एक उदाहरण घ्या. पानाचा रंग उडालाय, खालच्या बाजूला बारीक काहीतरी हलतंय. ते फुलकिडे आहेत की लाल कोळी? फुलकिडा हा कीटक, त्याला सहा पाय. कोळी हा कीटकच नव्हे, प्रौढ कोळ्याला आठ पाय असतात, आणि बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. त्यासाठी कोळीनाशक लागतं. म्हणजे फोटोत पाय मोजता आले नाहीत, तर औषधाचे पैसे, मजुरी आणि तो आठवडा, तिन्ही वाया जाऊ शकतात. आज मी जे सांगणार आहे ते या हिशोबानं ऐका.

१:१ म्हणजे नेमकं किती?

१:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. तुडतुडा साधारण ३ मिमीचा. म्हणजे १:१ वर तो फोटोच्या रुंदीचा बारावा भाग व्यापतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ६००० पिक्सेल रुंद असतो, त्यात तुडतुड्याला ५०० पिक्सेल मिळाले. पंखांच्या टोकाजवळचे काळे ठिपके दिसायला हे पुरेसं आहे. फुलकिडा १ मिमीचा, त्याला मिळतात १६५ च्या आसपास. लाल कोळी अर्ध्या मिमीचा, त्याला ८०-८५. इथं पाय मोजणं अवघड व्हायला लागतं.

आता तोच फोटो एपीएस-सी सेन्सरवर काढा, जो साधारण २३.५ मिमी रुंद असतो. मेगापिक्सेल तेवढेच धरले, तर फुलकिड्याला अडीचशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. म्हणजे बारीक किडींसाठी लहान सेन्सरचा कॅमेरा कमी पडत नाही, उलट थोडा फायदाच होतो. मोठा सेन्सर हवाच, असं कोणी सांगितलं तर हा हिशोब पुढं करा.

उलट बाजूही बघा. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी पूर्ण वाढली की ३-४ सेंटीमीटरची होते. तिची ओळख दोन ठिकाणी असते : डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीच्या जवळ चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. दोन्ही एकाच फोटोत हवे असतील, तर १:१ लागतच नाही, १:२ पुरतं. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला अळ्या जास्त दिसतात की रसशोषक किडी.

मिलिमीटर आणि हातभर अंतर

लेन्सच्या माहितीत 'किमान फोकस अंतर' लिहिलेलं असतं. ते अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या टोकापासून नाही. कॅननच्या ईएफ १०० मिमी एल मॅक्रोचं हे अंतर ३० सेंटीमीटर आहे. त्यातून लेन्सची लांबी आणि कॅमेऱ्याच्या आतलं अंतर वजा केलं, की लेन्सचं टोक आणि किडा यांच्यात उरतात साधारण १३ सेंटीमीटर. निकॉनच्या १०५ मिमी एफ-माउंट मायक्रोला सुमारे १५ उरतात. निकॉनच्याच ६० मिमीला, जी लेन्सही १:१ देते, उरतात फक्त ५.

पाच सेंटीमीटरवर काय होतं? लेन्सची सावली पानावर पडते. तुडतुडा तिरका चालत पानाच्या मागं जातो. पांढरी माशी उडून जाते. म्हणून चालत्या-उडत्या किडींसाठी ९० ते १०५ मिमी ही माझी शिफारस. पिठ्या ढेकूण, अंडी, बोंडाच्या आतली अळी, म्हणजे जे जागचं हलत नाही, त्यासाठी ५०-६० मिमी बिनधास्त चालते आणि हातात हलकीही असते.

लेन्सची ढब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आजच्या बहुतेक मॅक्रो लेन्स धारदार आहेत. नामांकित कंपन्यांच्या दोन लेन्स एफ ८ वर शेजारी ठेवल्या, तर धारेतला फरक शोधावा लागतो. फरक पडतो तो चित्र कसं उतरतं यात. छायाचित्रकार त्याला रेंडरिंग म्हणतात. मी त्याला लेन्सची ढब म्हणतो. तिचे तीन भाग समजून घ्या : पार्श्वभूमी, रंगाची कड आणि फोकसची खोली.

पहिला भाग, पार्श्वभूमी. फोकसबाहेरचा भाग कसा विरघळतो, त्याला 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे. टॅमरॉनची ९० मिमी मॅक्रो या मऊ पार्श्वभूमीसाठीच नावाजली गेली, १९७९ पासून ती वेगवेगळ्या रूपांत निघतेय. काही लेन्समध्ये उजेडाच्या ठिपक्याला कडक किनार येते, मग दवाचे थेंब, ज्वारीची कुसळं, वाळलेल्या काड्या सगळं मागं किचकट दिसतं. हे बरंचसं लेन्समधल्या गोलीय दोषावर अवलंबून असतं. हा दोष थोडा शिल्लक ठेवला, तर मागची बाजू मऊ होते, पण त्याच वेळी फोकसच्या पुढची बाजू कडक होते. दोन्हीकडं मऊ मिळत नाही. कॅननने २०२१ च्या आरएफ १०० मिमी मॅक्रोवर हा दोष कमी-जास्त करायची वेगळी रिंगच दिली. फुलांचे, चेहऱ्यांचे फोटो काढणाऱ्याला ती आवडेल. कीड ओळखायची असेल, तर ती रिंग शून्यावर ठेवून विसरून जा.

कारण मऊ पार्श्वभूमी सुंदर असते, पण ती माहिती पुसते. अळी पात्यावर होती, फुलात होती, की बोंडावर? डोमकळी झालेलं फूल दिसलं, तर गुलाबी बोंडअळीचा संशय तिथंच बळावतो. तेच फूल तुम्ही पिवळ्या धुक्यात घालवलं, तर ओळखणाऱ्याचा अर्धा पुरावा गेला. म्हणून ओळखीसाठी दोन फोटो काढा, एक झाड आणि अवयव कळेल असा, दुसरा जवळचा.

आणखी एक. पार्श्वभूमी शांत दिसण्यात बोकेपेक्षा मिलिमीटरचा वाटा मोठा असतो. लांब लेन्स मागचा लहानसाच तुकडा घेते. अर्धा पाऊल सरकलं की काळी ढेकळं जाऊन सलग हिरवं येतं. ६० मिमीत तेवढ्यानं भागत नाही. महागड्या बोकेवर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

दुसरा भाग, रंगाची कड. सगळे रंग एकाच ठिकाणी फोकस होत नाहीत. त्यामुळे पांढऱ्या, चमकणाऱ्या वस्तूच्या कडेला फोकसच्या पुढं जांभळट-गुलाबी आणि मागं हिरवट झाक येते. फुलाच्या फोटोत ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडं मात्र येते. गुलाबी बोंडअळी लहान असताना पांढुरकी असते, गुलाबी रंग तिला पुढच्या अवस्थेत येतो. पांढऱ्या रुईवर बसलेल्या पांढुरक्या अळीला लेन्सनंच गुलाबी कड दिली, तर बघणारा फसू शकतो. यावर उपाय सोपा आहे. ॲपर्चर लहान करा. एफ २.८ वर दिसणारी ही झाक एफ ८ पर्यंत पुष्कळ कमी होते. ज्या लेन्समध्ये ती मुळातच कमी आहे, तिच्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

तिसरा भाग, फोकसची खोली. फुल फ्रेमवर १:१ आणि एफ ८ असताना स्पष्ट दिसणारा थर साधारण १ मिमी जाडीचा असतो. एफ १६ ला तो २ मिमीच्या जवळ जातो. मग एफ ३२ का नको? कारण जवळ जाताना ॲपर्चरचा परिणामी आकडा वाढतो. १:१ वर तो जवळपास दुप्पट होतो. कॅमेऱ्यावर एफ १६ असलं, तरी प्रकाशाच्या दृष्टीनं ते एफ ३२ सारखं वागतं, आणि इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. सगळा फोटो किंचित पुसट होतो. महागडी आणि स्वस्त लेन्स तिथं सारखीच दिसते. म्हणून १:१ वर एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा आणि कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरा. समांतर धरल्यानं जेवढा फायदा होतो, तेवढा कुठलीच लेन्स देत नाही.

सपाट कागद आणि गोल अळी

थोडा इतिहास सांगतो, तो निवडीला उपयोगी आहे. निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सला 'मायक्रो' म्हणते. १९५६ मधली त्यांची पहिली मायक्रो-निकॉर कागदपत्रांच्या मायक्रोफिल्मसाठी बनवली होती, जपानी लिपीतली बारीक अक्षरं नीट यावीत म्हणून. सपाट कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धारदार हवा, हा गुण मॅक्रो लेन्सकडे तेव्हापासून आहे. लेन्सच्या परीक्षणांत कोपऱ्यांच्या धारेवर एवढी चर्चा होते, तीही त्याच अपेक्षेतून.

पण अळी सपाट नसते. फोटोचे कोपरे एरवीही फोकसबाहेरच असतात. तुम्हाला जुने सातबारे, फेरफार, पोथ्या यांचे फोटो काढायचे असतील, तर कोपरे बघा. किडींसाठी मध्यभाग, रंगाची कड आणि हाताचं अंतर बघा. कोपऱ्यांच्या गुणांसाठी जादा पैसे मोजू नका.

दुकानात काय तपासाल?

खिशात तीन वस्तू घेऊन जा : मोजपट्टी, काळं कापड आणि कापसाचा बोळा. मोजपट्टी तिरपी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करा. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो काढा आणि पुढच्या-मागच्या रेघांची रंगीत झाक बघा. कापूस काळ्या कापडावर ठेवून तेच करा. मग एफ ८ वर पुन्हा काढा. शेवटी लेन्स १:१ ला नेऊन टोक आणि कापूस यांच्यातलं अंतर त्याच मोजपट्टीनं मोजा. जुनी लेन्स घेत असाल, तर उजेडासमोर धरून आतली बुरशी बघा. दहा मिनिटांत बरंच कळतं.

लेन्सवर सगळे पैसे संपवू नका. थोडे फ्लॅश आणि डिफ्युझरसाठी ठेवा. दुपारच्या उन्हात किड्याच्या पाठीवर जो पांढरा चट्टा येतो, त्याखाली रंग आणि ठिपके दोन्ही जातात. साध्या पांढऱ्या कागदाचा डिफ्युझरसुद्धा ते परत आणतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझ्याकडं साधी ५० मिमी लेन्स आहे. नवीन घेऊ का?*

आधी एक्स्टेन्शन ट्यूब वापरून बघा. नळीची लांबी भागिले लेन्सचे मिलिमीटर, एवढं मोठेपण वाढतं. ५० मिमीला २५ मिमीची नळी लावली की १:२, ५० ची लावली की १:१. अंतर फार कमी उरतं आणि प्रकाशही कमी होतो. पण बोंड फोडून आतली अळी दाखवायची असेल, तर काम होतं.

*शेतकऱ्याकडं तर फक्त मोबाइल असतो, दादा. त्यानं काय करायचं?*

दहापटीचं हातभिंग घ्या, मोबाइलच्या लेन्सला चिकटवून धरा आणि किड्याच्या अगदी जवळ जा. कडा वाकड्या आणि रंगीत येतील, मध्यभाग चांगला येतो. किडा मध्येच ठेवा. पाठवण्याआधी नको असलेला भाग कापा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एरवी ते ॲप फोटो लहान करतं, आणि आपण मघाशी मोजलेले पिक्सेल वाटेतच जातात.

*आता फोटोवरून कीड ओळखणारी ॲप आली आहेत. मग एवढं कशाला?*

केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली २०२४ मध्ये सुरू झाली, ती फोटो घेऊनच काम करते. पण ॲप झालं तरी ते फोटोत असेल तेवढंच बघणार. पाय दिसले नाहीत, तर माणूस अंदाज करतो आणि ॲपही अंदाज करतं. माणूस निदान "दुसरा फोटो पाठव" असं म्हणतो.

*एकच लेन्स घ्यायची तर?*

रसशोषक किडी आणि अळ्या दोन्हींसाठी ९० ते १०५ मिमी, १:१ देणारी, एफ ८ ला रंगाची कड न दाखवणारी. कंपनी कुठली, ते तुमच्या कॅमेऱ्यावर आणि खिशावर सोडा. अंडी आणि कोळी रोजच बघायचे असतील, तरच १:१ च्या पुढं जाणारी लेन्स घ्या.

वेळ संपली आहे, थांबतो.