छायेची स्तुति आणि १३६९ दिवे

दिवा लावल्यावर आपण दिव्याकडे पाहत नाहीं. दिव्यानें जें दाखविलें त्याकडे पाहतों. दुसऱ्याला पुढें करून स्वतः मागें राहावें, हा प्रकाशाचा स्वभावच आहे. म्हणून प्रकाशाविषयीं लिहिणें साहित्यिकाला कठीण, आणि प्रकाशाचें चित्र काढणें चित्रकाराला त्याहून कठीण. मग एखाद्या लेखकानें प्रकाशाविषयीं लिहिलेलें वाचून कलावंतानें त्याला आपल्या कृतीनें उत्तर द्यावयाचें, तर तें कसें? लेखांतील प्रसंग रंगवून दाखविला म्हणजे फार तर पुस्तकाचें एक पान सजेल. उत्तर झालें असें कांहीं म्हणतां येणार नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीन नामांकित कलावंतांनीं हा यत्न केला. त्यांच्यापुढें दोन ग्रंथ होते, एक जपानी व दुसरा अमेरिकन. एकांत छायेची थोरवी गायिलेली आहे. दुसऱ्यांत उजेडासाठीं केलेली धडपड आहे. हीं उत्तरें शेजारीं ठेवून पाहिलीं असतां एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोंचतो.

जुनिचिरो तानिझाकी (१८८६–१९६५) हे आधुनिक जपानचे थोर कादंबरीकार. त्यांनीं १९३३ च्या डिसेंबरांत व १९३४ च्या जानेवारींत एका मासिकांतून ‘इन्एइ राइसान’ या नांवाचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. नांवाचा अर्थ ‘छायेची स्तुति’. आरंभ अगदीं घरगुती आहे: जुन्या वळणाचें घर बांधूं इच्छिणाऱ्या माणसानें विजेच्या तारा आणि नळ लपवावे तरी कोठें? तेथून विषय वाढत जातो. लाखेच्या काळ्या वाडग्यांतील सार, कागदी पडद्यांतून गाळून आलेलें ऊन, नो नाट्यांतील नटांचे जरतारी पोषाख, या सर्वांचें सौंदर्य मंद उजेडाच्या हिशेबानें घडविलेलें होतें. विजेचा झगझगीत दिवा आला आणि त्याच वस्तु भडक दिसूं लागल्या, असें त्यांचें म्हणणें. काळोख्या दालनांत सोन्याचा वर्ख लावीत तो केवळ श्रीमंतीच्या मिरवणुकीसाठीं लावीत नसत, तर बाहेरून आलेला क्षीण उजेड झेलून परतविण्याचें कामही तो करी, हें त्यांचें निरीक्षण मोठें मार्मिक आहे. आपल्या ‘छाया’ या शब्दालाही संस्कृतांत सावली आणि कांति असे दोन्ही अर्थ आहेत. तेव्हां हा विचार आपणांस अगदींच परका वाटूं नये.

या निबंधाला एक मोठें उत्तर अमेरिकेंतील जेम्स टरेल यांनीं दिलें. त्यांचा जन्म १९४३ सालीं लॉस एंजेलिस येथें क्वेकर पंथाच्या कुटुंबांत झाला. निःशब्द बसून अंतरींच्या प्रकाशाची वाट पाहणें, ही त्या पंथाची उपासना. पुढें महाविद्यालयांत त्यांनीं मानसशास्त्राचा, विशेषतः मनुष्याला दिसतें कसें या विषयाचा, अभ्यास केला. चित्रकाराला जसा रंग, मूर्तिकाराला जसा दगड, तसा यांना प्रकाश. २००० सालीं जपानच्या निगाता प्रांतांत एचिगो-त्सुमारी येथें पहिलें त्रैवार्षिक कलाप्रदर्शन भरलें, तेव्हां तोकामाची येथें त्यांनीं ‘प्रकाशगृह’ उभें केलें. त्याची कल्पना त्यांना तानिझाकींच्या निबंधावरून सुचली.

त्या मुलखांत बर्फ फार पडतें, म्हणून घर जमिनीपासून बरेंच उंच उचललेलें आहे. ठेवण मात्र जुन्या जपानी घराची. चटयांच्या मुख्य खोलीवरचें छप्पर सरकवितां येतें. सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमारास तें उघडलें, कीं पाहुणे चटईवर आडवे होऊन वर दिसणाऱ्या आकाशाच्या चौकोनाकडे पाहत राहतात. चौकोनाभोंवतीं छतावर पडणाऱ्या उजेडाचा रंग हळूहळू पालटत असतो. छत तांबूस झालें कीं मधला आकाशाचा तुकडा अधिक गडद निळा भासतो. छताचा रंग बदलला कीं आकाशही बदललेलें दिसतें. वास्तविक आकाश तेंच असतें. शेजारच्या रंगावरून डोळा रंगाचा निवाडा करतो, त्याची ही सर्व करामत.

या घरांत रात्रीच्या मुक्कामाची सोय ठेवलेली आहे, तिलाही अर्थ आहे. अंधाराची गोडी लागावयास वेळ लागतो, आणि त्याचें कारण आपल्या देहांतच आहे. डोळ्याच्या आंतील पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी चांगल्या उजेडांत काम करतात व रंग ओळखतात. दंडासारख्या पेशी मंद उजेडांत उपयोगी पडतात. भर उजेडांत या दुसऱ्या पेशींतील रंगद्रव्य फिकें पडतें. अंधारांत तें पुन्हां सांठूं लागतें, परंतु पुरतें सांठावयास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ जातो. तानिझाकींनीं रसिकतेच्या भाषेंत जें सांगितलें, त्याला शरीरशास्त्राचा असा आधार आहे. टरेल यांनीं निबंधांतील वाडगा रंगविला नाहीं कीं पडदा रंगविला नाहीं. त्यांनीं पाहणाऱ्याला स्वस्थ बसविलें, वाट पाहावयास लाविलें, आणि तो निबंध त्याच्या डोळ्यांत घडवून आणला.

दुसरें उत्तर छायाचित्रकाराचें आहे. तोकियो येथें १९४८ सालीं जन्मलेल्या हिरोशी सुगिमोतो यांनीं १९९८ मध्यें एक चित्रमालिका केली व तिला तानिझाकींच्या निबंधाचेंच नांव दिलें. रीति अगदीं साधी. उन्हाळ्याच्या रात्रीं खिडक्या सताड उघडावयाच्या, एक मेणबत्ती पेटवावयाची, आणि त्याच वेळीं कॅमेऱ्याचें भिंगही उघडें करावयाचें. वाऱ्यानें ज्योत लवते, थरथरते, उतरत जाते व अखेर विझते; मग भिंग मिटावयाचें. मेणबत्तीचें कित्येक तासांचें आयुष्य असें एका चित्रांत उतरतें. तींत मेणबत्ती ओळखूं येत नाहीं. काळोखांत उभी असलेली प्रकाशाची एक धूसर रेघ तेवढी राहते. एखाद्या रात्रीं ज्योत भडकून लवकर संपे, एखाद्या रात्रीं संथपणें पुष्कळ वेळ तेवत राही; त्यामुळें प्रत्येक रात्रीचें चित्र निराळें. फोटोग्राफाला आपल्या लोकांनीं ‘छायाचित्र’ म्हटलें, म्हणजे उजेडानें काढलेल्या चित्राला सावलीचें नांव दिलें. या मालिकेला तें नांव जितकें शोभतें, तितकें क्वचितच दुसऱ्या कशाला शोभेल.

येथवर वाचून कोणासही वाटेल कीं, विजेचे दिवे मालवून समया लावाव्या, हेंच या सर्वांचें सार. परंतु निबंधांतच एक जागा अशी आहे कीं, तेथें वाचकानें थांबलें पाहिजे. जुन्या काळच्या स्त्रियांचें सौंदर्य वर्णितांना तानिझाकी सांगतात कीं, त्या घराच्या आंतल्या काळोखांत जन्म काढीत. दांत काळे केलेले, अंग वस्त्रांत झांकलेलें, दिसे तो काय तो फिकट चेहरा आणि हात. आपल्या आईचेंही जवळजवळ एवढेंच रूप त्यांना आठवतें. वर्णन सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु तें त्या आईनें लिहिलेलें नाहीं. ज्या स्त्रीला तो काळोख जन्मभर पुरला तिला तो कसा वाटला, हें निबंध विचारीत नाहीं.

खुद्द तानिझाकींविषयीं त्यांच्या पत्नीनें सांगितलेली एक आठवण या निबंधाच्या १९७७ सालच्या इंग्रजी भाषांतराच्या अखेरीस नोंदलेली आहे. त्यांना नवें घर बांधावयाचें होतें. वास्तुशिल्पज्ञ मोठ्या उत्साहानें म्हणाला कीं, मीं आपला निबंध वाचला असून आपणांस काय हवें तें मला नेमकें कळलें आहे. त्यावर तानिझाकींनीं सांगितलें कीं, तसल्या घरांत राहणें आपल्याला कधींच जमणार नाहीं! यांत ढोंग पाहण्याचें कारण नाहीं. छायेचें सुख खरें आहे. मात्र तें घेतां येतें तें ज्याला हवा तेव्हां दिवा लावण्याची मोकळीक आहे त्याला.

ज्याला ती मोकळीक नाहीं त्याची बाजू दुसऱ्या ग्रंथांत आहे. राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची ‘इन्व्हिजिबल मॅन’, म्हणजे ‘अदृश्य मनुष्य’, ही कादंबरी १९५२ सालीं निघाली, आणि १९५३ सालीं तिला अमेरिकेचें राष्ट्रीय ग्रंथपारितोषिक मिळालें. तिचा नायक न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीच्या कडेला, केवळ गोऱ्यांना भाड्यानें दिलेल्या एका इमारतीच्या बंद पडलेल्या तळघरांत राहतो. तो भूतपिशाच्च नाहीं. लोक त्याच्याकडे पाहूनही त्याला पाहत नाहींत, म्हणून तो अदृश्य. त्या तळघराचें छत त्यानें १३६९ दिव्यांनीं भरून टाकलें आहे, आणि त्यासाठीं लागणारी वीज तो कंपनीकडून चोरून घेतो. नळीचे नवे दिवे त्याला नकोत. आंत तार तापणारे जुने दिवेच हवेत, कारण त्यांना खर्च अधिक! उजेडावांचून आपल्याला रूपच नाहीं, अशी त्याची भावना आहे. तानिझाकींना जेथें एक दिवा अधिक वाटला, तेथें या माणसाला हजारही पुरत नाहींत. छत झाल्यावर भिंती दिव्यांनीं मढविण्याचा त्याचा विचार आहे.

कादंबरी निघाली त्याच वर्षीं गॉर्डन पार्क्स यांनीं ‘लाइफ’ साप्ताहिकासाठीं तिच्यावरून छायाचित्रें काढलीं होतीं. पुढें १९९९–२००० मध्यें कॅनडांतील व्हँकुव्हरचे जेफ वॉल (जन्म १९४६) यांनीं तें तळघरच आपल्या स्टुडिओंत उभारलें. छत दिव्यांनीं गच्च. खालीं एकट्या पुरुषाच्या संसाराचा पसारा, आणि त्यांत जवळजवळ पाठमोरा बसून एक भांडें पुसणारा माणूस. खोलींत कोणतें सामान होतें हें लेखकानें फारसें सांगितलेलें नाहीं. तें वॉल यांना कल्पनेनें भरून काढावें लागलें. वाचणारा ‘१३६९’ हा आंकडा वाचून पुढें जातो. चित्रकाराला मात्र दिवे खरोखरच टांगावे लागतात. वाचण्यांत आणि घडविण्यांत हें अंतर आहे.

हें चित्र कागदावर छापलेलें नाहीं. पारदर्शक पटावर उतरवून तें सुमारें पावणेदोन मीटर उंच व अडीच मीटर रुंद अशा पेटीवर बसविलें आहे, आणि पेटींत मागून दिवे लागतात. म्हणजे दिव्यांचें हें चित्र स्वतःच एक दिवा आहे. मौज अशी कीं, वॉल यांच्या या पेट्यांत नळीचेच दिवे असतात. नायकानें जे नाकारले त्यांनींच त्याला उजळविलें आहे. २००२ सालीं जर्मनींतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनांत हें चित्र मांडलें होतें. त्याच्यापुढें उभें राहिलें कीं त्याचा उजेड आपल्या तोंडावर पडतो. तो माणूस मात्र आपल्याकडे वळून पाहत नाहीं. दिवे त्यानें लावले आहेत. पाहण्याचें काम आपलें होतें, आणि तेंच राहून गेलें आहे.

आतां हा प्रश्न आपल्या उंबरठ्याशीं येतो. जुन्या वाड्यांची आठवण निघाली कीं देवघरांतील समई, ओसरीवरची सावली आणि माजघरांतील गारवा यांचें आपण प्रेमानें वर्णन करतों, आणि तें खोटें नाहीं. परंतु त्याच वाड्यांत धुरानें काळवंडलेलें स्वयंपाकघर होतें, वारा न शिरणारी बाळंतिणीची खोली होती, आणि केशवपन करून मागल्या दारीं बसविलेली कोणाची तरी आत्या किंवा काकू होती. तिच्या डोळ्यांनीं घर पाहावयास हरिभाऊ आपट्यांसारख्या लेखकांनीं मराठी वाचकांस शिकविलें. घराच्या आठवणी सांगावयास बसल्यावर तो धडा आपण विसरूं नये.

तानिझाकी आणि एलिसन एकमेकांचें खंडन करतात असें वरवर दिसतें, पण तसें नाहीं. दोघांनाही माणसाला नीट पाहणारी दृष्टि हवी आहे. एकाला वाटतें अति उजेडानें ती मंदावली, दुसऱ्याला वाटतें ती कधीं उघडलीच नाहीं. रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर घरांतील सर्वांनीं घटकाभर दिवे मालवून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत, एकत्र बसून पाहावें. त्यांत पुष्कळ सुख आहे. मात्र दिवे मालविण्यापूर्वीं आंतल्या खोलींत कोणाचें काम अजून चाललें आहे काय, हें उठून पाहून यावें, आणि दिव्याची कळ घरांतील प्रत्येकाच्या हाताला पोंचते कीं नाहीं, तेंही पाहावें.