परक्या शहरांतील बिऱ्हाड

कोंकणांतून पुण्यास किंवा पुण्याहून मुंबईस बिऱ्हाड हलविणें हा एके काळीं आपल्या घरांतील मोठा प्रसंग असे. भांड्यांचा हारा, देवांचा संपुष्ट आणि लोणच्याची बरणी एवढें जपून नेलें, कीं नव्या जागीं संसार सुरू होई. कारण जागा बदलली तरी भाषा, पंचांग आणि शेजारधर्म हीं बदलत नसत. आज आपल्यांतील पुष्कळ एकत्र कुटुंबांची एखादी शाखा समुद्रापलीकडे गेलेली आहे. तिकडून येणाऱ्या निरोपांत बर्फाचें वर्णन असतें, पगाराचा ओझरता उल्लेख असतो, आणि शेवटीं 'सर्व कुशल' हे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांच्या पोटांत काय काय दडलेलें असतें, तें बर्लिन शहरांत तीन वर्षें काढल्यावर वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नोकरीच्या निमित्तानें तेथें गेलों तेव्हां आम्ही चौघें होतों. आम्ही उभयतां, नुकतींच सहा वर्षें पुरीं झालेला मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. पुण्यास मागें राहिल्या त्या मातोश्री आणि वडील बंधूंचा परिवार. आमच्या सौभाग्यवती पुण्यास एका महाविद्यालयांत गणित शिकवीत असत. ही गोष्ट पुढें कामास येणार असल्यामुळें आधींच सांगून ठेवतों.

पहिला प्रश्न जागेचा. तेथें भाडें दोन प्रकारचें सांगतात, थंड आणि उबदार. थंड भाडें म्हणजे नुसत्या भिंतींचें. पाणी, जिन्याची झाडलोट व बहुधा घर तापविण्याचा खर्च मिळविला म्हणजे तें उबदार होतें. तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक अनामत मागण्यास घरमालकास कायद्यानें मनाई आहे, ही भाडेकरूच्या सोयीची गोष्ट होय. परंतु जागा ताब्यांत आली तेव्हां स्वयंपाकघरांत शिरून आम्ही थक्क झालों. तेथें ना ओटा, ना कपाट; भिंतींतून बाहेर आलेलें नळाचें तोंड तेवढें होतें. ओटा व कपाटें ज्यानें त्यानें आणावयाचीं आणि जातांना बरोबर न्यावयाचीं, अशी तेथें पुष्कळ घरांची रीत आहे. पहिला भात आम्हीं जमिनीवर विजेची शेगडी मांडून शिजविला.

जागा मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आंत नगराच्या कचेरींत कुटुंबाची नोंद करावी लागते, आणि तिला घरमालकाच्या सहीचा दाखला जोडावा लागतो. ही नोंद झाली म्हणजे कराचा क्रमांक टपालानें घरीं येतो. आपल्याकडे नवा मनुष्य वाड्यांत आला, कीं 'कोणाचे, कोठचे' ही चौकशी बायका पाणी भरतांना पुरी करतात. तेथें ती सरकार करतें. आरंभीं आम्हांस याचा राग आला. पुढें कळलें, कीं जेथें ओळखीचा मनुष्य नाहीं, तेथें कागद हाच ओळखीचा मनुष्य असतो.

कागदांत न सांपडणाऱ्या गोष्टी मात्र चुकूनच शिकाव्या लागतात. पहिल्या रविवारीं दुकानें बंद असल्याचें पाहून घरांत होतें त्यांतच देवाचा नैवेद्य करावा असें ठरलें, आणि सकाळीं स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्हीं नारळ फोडला. पहिल्या दोन घावांनीं नारळ फुटला नाहीं. तिसऱ्या घावानंतर दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरील एक वृद्ध बाई घराच्या नियमांचा छापील कागद घेऊन उभ्या होत्या. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत आणि रविवारीं व सणावारीं दिवसभर शांतता राखावयाची, ही ओळ त्यांनीं बोटानें दाखविली. आम्हांस ती वाचतां येईना आणि त्यांस इंग्रजी येईना. अखेर सौभाग्यवतींनीं तो अर्धवट तडकलेला नारळ त्यांच्यापुढें धरला. बाईंनीं तो हालवून आंतील पाण्याचा आवाज ऐकला, आणि काय समजावयाचें तें समजून त्या मंद हंसल्या. दुसरे दिवशीं त्यांनींच आम्हांस अंगणांत नेऊन कचऱ्याच्या पेट्या दाखविल्या: कागदाची निळी, खरकट्याची तपकिरी, पांढऱ्या व रंगीत कांचेच्या निरनिराळ्या. ज्या बाई तक्रार घेऊन आल्या, त्याच आमच्या पहिल्या शेजारीण झाल्या.

हिवाळ्याची कल्पना पुण्याच्या मनुष्यास देणें कठीण आहे. थंडीस कपडे आहेत, अंधारास नाहींत. डिसेंबरांत तेथें सकाळीं ८ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि दुपारीं ४ च्या आंत मावळतो. बर्लिनचें घड्याळ त्या दिवसांत आपल्या मागें साडेचार तास असतें. तेथें साडेचार वाजतां दिवे लावून बसावें, तेव्हां पुण्यास रात्रीचे ९ झालेले असतात. मातोश्री जेवण आटोपून नातवंडांच्या दूरध्वनीची वाट पाहत बसत. तो अर्धा तास हाच आमचा दिवस होता.

खरी कसोटी लागली ती मुलाच्या शाळेची. मुलास शाळेंत घालणें जर्मनींत सक्तीचें आहे. घरीं शिकवूं म्हटल्यास चालत नाहीं. शाळेचा पहिला दिवस तेथें मुंजीसारखा साजरा होतो. आईबाप मुलाच्या उंचीस शोभेल असा पुठ्ठ्याचा मोठा शंकु खाऊनें व लेखनसाहित्यानें भरून त्याच्या हातीं देतात. आमच्या चिरंजिवांनींही तो मिरविला. पण पुढें तीन महिने तो वर्गांत एक अक्षर बोलला नाहीं. घरीं आला म्हणजे तो दप्तर फेकून खिडकीशीं बसे. त्याचा अभ्यासाचा कागद जर्मन भाषेंत असे. पदवीच्या वर्गास गणित शिकविणाऱ्या बाईस पहिलींतील बेरजेचें उदाहरण कोशाच्या मदतीवांचून वाचतां येऊं नये, यापरतें दुःख कोणतें? एके रात्रीं त्या म्हणाल्या, "मुलगा मुका झाला आहे, आणि मीही झालें आहें. घरांत मराठी बोलणें आपण बंद करूं या."

आम्हीं होकार दिला, हें आज लिहितांना लाज वाटते. मराठी बंद झाली आणि तिच्या जागीं तुटकी जर्मन व मोडकी इंग्रजी आली. पंधरा दिवसांत घर इतकें शांत झालें, कीं खालच्या बाईंस रविवारचें समाधान रोजच लाभलें असावें. मुलगा दूरध्वनीवर आजीस 'हो' व 'नाहीं' यांपलीकडे उत्तर देईना. मातोश्रींनीं एकदांच विचारलें, "माझ्यावर रागावलाय का रे तो?"

दैवयोगानें त्याच सुमारास वर्गशिक्षिकेनें आम्हांस भेटीस बोलाविलें. मुलगा बोलत नाहीं याचें तिला विशेष वाटलें नव्हतें. घरीं कोणती भाषा बोलतां, हें तिनें विचारलें आणि आमचें उत्तर ऐकून तिच्या कपाळास आठी पडली. तिचें सांगणें एवढेंच होतें, कीं जी भाषा तुम्हांस उत्तम येते तींतच मुलाशीं बोला. जर्मन शिकविण्याचें काम आमचें आहे.

त्या संध्याकाळीं सौभाग्यवती मुलास घेऊन अंक शिकविण्यास बसल्या. जर्मन भाषेंत २४ या अंकास 'फीर-उंट-त्स्वांत्सिश' म्हणतात, म्हणजे चार आणि वीस. इंग्रजी वळणाच्या माणसास हा उलटा क्रम जाचतो. पण बाई एकदम थबकल्या आणि मुलास म्हणाल्या, "अरे, चोवीस म्हणजे तरी काय? चो आणि वीस! आपण तसेंच बोलतों." मुलानें पंचवीस, सव्वीस, सत्तावीस करीत प्रत्येक अंक दोन्ही भाषांत लावून पाहिला. एकोणतिसास गाडी अडली. कारण जर्मन 'नऊ आणि वीस' म्हणतो आणि आपण 'तिसाला एक उणा' म्हणतों. त्यावर तो खदखदून हंसला. महिन्यांनंतर आम्हीं त्याचें हंसणें ऐकलें. दुसरे दिवशीं वर्गांत त्यानें तोंड उघडलें, तें आंकडे म्हणण्यासाठीं.

उन्हाळ्यांत मातोश्री आल्या. पाहुण्यांच्या परवान्यावर १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें, आणि घरांतील वडील माणसाचे दिवस मोजावे लागणें यासारखें शल्य नाहीं. परंतु त्या ९० दिवसांत जें झालें तें आम्हांस वर्षभरांत साधलें नव्हतें. जर्मन भाषेंतही आपल्यासारखींच तीन लिंगें आहेत. पण तेथें लहान मुलगी नपुंसकलिंगी! मुलास याचें मोठें कोडें पडलें होतें. मातोश्रींचें माहेर सावंतवाडीकडचें. त्या म्हणाल्या, "त्यांत नवल कसलें? आमच्याकडे चेडूं तेंच असतें." तेव्हांपासून आजी ही जर्मन व्याकरणांतील अधिकारी व्यक्ति ठरली.

खालच्या बाईंकडे त्या रोज दुपारीं बसूं लागल्या, आणि नातू मध्यें बसून दुभाष्याचें काम करी. तीन महिने मुका असलेला मुलगा दोन आजींमध्यें इकडचें तिकडे पोंचवीत असलेला पाहून सौभाग्यवतींनीं डोळ्यांस पदर लावला. त्यानंतर त्या स्वतः भाषेच्या वर्गास जाऊं लागल्या.

जाण्यापूर्वीं मातोश्रींस एक वास्तु पाहावयाची होती. इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं बर्लिनच्या ज्या संस्थेंत आल्या, तिची इमारत डालेम भागांत उभी असून आज ती तेथील फ्री विद्यापीठाकडे आहे. त्या काळीं घरचें पत्र बोटीनें येई. पुढें त्याच विदुषींनीं भारतांतील आप्तसंबंधांवर ग्रंथ लिहिला. पायऱ्यांशीं उभ्या राहून मातोश्री नातवास म्हणाल्या, "ह्या बाई येथें शिकल्या, आणि घरीं येऊन त्यांनीं मराठींत लिहिलें."

परदेशीं जाणाऱ्या कुटुंबांस आम्ही उपदेश करूं इच्छित नाहीं. एवढेंच सांगतों, कीं परक्या शहरास जागा देण्यासाठीं आपलें घर रिकामें करावें लागत नाहीं. भरलेल्या घरासच शेजारी जोडतां येतात. आणि मागें राहिलेल्या वडील मंडळींस एक विनंती आहे. 'परत केव्हां येणार' हा प्रश्न दर खेपेस विचारूं नये. त्याचें उत्तर आमच्यापाशींही नसतें. त्याऐवजीं नातवंडांस रोज एक गोष्ट सांगावी, आणि ती अर्ध्यावर सोडावी. उरलेली ऐकण्यासाठीं तीं दुसरे दिवशीं स्वतः होऊन बोलावतील, आणि तेंही मराठींत.