फूल नव्हे, पान!

मिझोराममध्ये २००२च्या सुमारास फलोत्पादन अभियानातून अँथुरियमची रोपं आली. लागवड करणाऱ्यांत बहुतेक बायकाच. कारण सरळ आहे: डोंगरउतारावर, घराच्या शेजारी एक शेडनेट पुरतं. राजधानी ऐझॉल सुमारे १,१०० मीटर उंचीवर. हवा दमट, उन्हाळा सौम्य. मूळच्या कोलंबिया-इक्वाडोरकडच्या या झाडाला हे मानवतं.

रोपं मातीत नव्हे, तर नारळाची सोडणं, कोळसा आणि विटांचे तुकडे यांत वाढतात, कारण पाणी साचलं की मुळं कुजतात. लाल, चकचकीत दिसतं ते खरं तर पान. फुलं त्यातून वर आलेल्या दांडीवर, टाचणीच्या टोकाएवढी. एका हिरव्या पानामागे असं एकच ‘फूल’, म्हणजे रोपामागे वर्षाला साधारण सहा ते आठ. दांडीचा रंग निम्म्याहून वर बदलला की कापणी. घाई केली तर फूल मान टाकतं.

फुलदाणीत ते दोन-तीन आठवडे टिकतं, ही त्याची खरी कमाई. एरवी डोंगरातून विमानतळापर्यंतच्या वळणांतच माल कोमेजला असता. १९९८पासून लेंगपुई विमानतळ आहे. मात्र पावसाळ्यात दरड कोसळली, की तिथवर पोहोचणंही नशिबावर.