नुकसानीची भीती कागदावर मांडा

आपल्या कारागिरांच्या हातात हुन्नर आहे, तरुणांच्या डोक्यात कल्पना आहेत, तरी धंदा जिथल्या तिथे राहतो. कारण विचारले तर उत्तर एकच मिळते: "बुडालो तर?" हा प्रश्न चुकीचा नाही. घरात खाणारी दहा माणसे असतात, भांडवल भावाभावांचे सामाईक असते आणि बाजारात एकदा पत गेली की सूतही उधार मिळत नाही. परंतु मनात ठेवलेली भीती दिवसेंदिवस वाढते. तिचा हिशेब मांडला की ती आकड्याएवढीच उरते.

मालेगाव-भिवंडीच्या एखाद्या मागवाल्याचे उदाहरण घ्या. चोवीस माग आहेत, सगळ्यांवर साधे कोरे कापड निघते. त्याला शर्टाचे पट्ट्याचे कापड काढावेसे वाटते. चोवीसच्या चोवीस माग त्यावर लावणे हा जुगार झाला. व्यापार म्हणजे आधी दोन मागांवर अजमावून पाहणे. उभ्या पट्ट्याचे कापड साध्या मागावरही निघते, कारण रंगीत धागा फक्त ताण्यात असतो. चौकडीसाठी बाण्यातही रंग बदलावा लागतो, त्याला ड्रॉप बॉक्स लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून सुरुवात पट्ट्याने करावी, चौकडीचे नंतर पाहावे.

आता हिशेब करा. समजा, दोन बीमांचे रंगीत सूत, सायझिंग, मजुरी आणि प्रोसेस मिळून १,००,००० रुपये लागले. माल पसंत पडला नाही तरी तो मातीमोल होत नाही. ७०,००० रुपयांना विकला गेला तर नुकसान ३०,००० रुपयांचे. घरखर्चाला हात न लावता एवढी रक्कम सोसता येते का? येत असेल तर काम सुरू करा. नसेल तर एकाच मागावर करा. किती तोटा झाल्यावर थांबायचे तेही आधीच लिहून ठेवा आणि भागीदारांना दाखवा. बाकीचे बावीस माग जुन्या कामावर चालू राहू द्या.

मोठ्यांनीही हेच केले. खानदेशातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजींनी वयाच्या एकविसाव्या वर्षी ती हाती घेतली. १९७८ मध्ये आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून गेल्यावर विप्रो संगणकाच्या धंद्यात उतरली. काम अगदी नवीन होते, पण त्यासाठी तेल-साबणाचा जुना धंदा मोडला नाही.

नवा धंदा पुष्कळदा मालामुळे नव्हे, उधारीमुळे बुडतो. नवा माल खपवण्याच्या घाईत अनोळखी गिऱ्हाईकाला लांबची मुदत दिली जाते. पहिले दोन-चार सौदे लहान आणि रोखीचे ठेवा, भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल. माल विणणाऱ्या लहान उत्पादकाने उद्यम नोंदणीही करून घ्यावी, ती विनामूल्य होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, करार केलेला असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याजाची तरतूद आहे. कायदा वसुली आपोआप करून देत नाही. पक्के बिल आणि माल पोहोचल्याची सही आपल्याकडे हवीच.

एवढे करूनही माल परत आला तर? तो का आला ते विचारा. रंग गेला, पन्हा कमी पडला की भाव जास्त वाटला? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. "हा धंदा आपल्याला जमणार नाही" हे त्याचे उत्तर नव्हे. कारण वहीत लिहा, पुढचा बीम त्याप्रमाणे भरा.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हातमाग सोडून यंत्रमाग धरला, तेव्हा त्यांनाही घरदार होते आणि लोक हसतही असतील. त्यांनी पाऊल उचलले म्हणून आज आपले कारखाने आहेत. बांधवांनो, या आठवड्यात एक कागद घ्या. मनातली कल्पना, लागणारी रक्कम, सोसण्याजोगा तोटा आणि थांबण्याची हद्द, या चार ओळी लिहा. मग ठरवा.