आधी मोर, मग इतिहास!

‘‘अगं, तुझी ती साइट बघून एकाचाही फोन आला नाही!’’ दादाचा आवाज पार पडलेला. मोराची चिंचोलीत घरच्यांनी कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, कृषी पर्यटन सुरू केलं. वेबसाइटचं काम अर्थातच ‘दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या’ माझ्या गळ्यात!

मी हौसेनं बत्तीस विषयांची यादी केली. अख्खं शिरूर-दौंड! सुरुवात कुठून? घोडनदीचा इतिहास, दौंड जंक्शनची कहाणी... वाचायला मस्त, पण खोली बुक करणारा हे शोधतोय कुठे?

मग जरा डोकं चालवलं. गुगलवर गावाचं नाव टाइप केलं की खाली सूचना येतात, ते लोकांचे खरे प्रश्न. आपली साइट कुठल्या शब्दांवर दिसली, ते सर्च कन्सोल सांगतं. मग प्रत्येक विषयाला तीन प्रश्न : हे कुणी शोधतं का? शोधणारा आपल्याकडे येईल का? आणि आपण इतरांपेक्षा चांगलं सांगू शकतो का?

यादीच उलटी झाली! ‘रांजणगाव गणपती’वर अष्टविनायकाच्या बड्या साइट्स ठाण मांडून बसल्यात, तिथे आपली डाळ शिजणार नाही. पण ‘रांजणगाव दर्शन आणि मोराची चिंचोली एका दिवसात’? ते आपलंच! ‘मोर किती वाजता दिसतात?’ पहाटे आणि संध्याकाळी. हे दादापेक्षा चांगलं कोण सांगणार? ‘दौंडहून सिद्धटेक’ उपयोगाचं, पण तो भाविक आपल्या वाटेवरचा नाही. दुसऱ्या फेरीत! आणि शिरूर बीड जिल्ह्यातही आहे, म्हणून ‘कसं यायचं’च्या पानावर ठळक लिहिलं : शिरूर घोडनदी, जिल्हा पुणे.

मोर पिसारा फुलवतात ते पावसाच्या तोंडावर. नवं पान गुगलवर वर यायला वेळ लागतो, म्हणून पानं मार्चमध्येच टाकली.

जूनमध्ये फोन आला. ‘‘मुलांना मोर नक्की दिसतील ना?’’

‘‘नक्की नाही सांगत ताई, पण पहाटे उठलात तर बहुतेक दिसतील,’’ दादा म्हणाला. पानावरही हेच लिहिलं होतं. त्या शनिवारी एक खोली भरली. दुसरी अजून रिकामी होती, पण दादाचा आवाज बदलला होता.

तुमच्याही आत्याचे मसाले असतील, मित्राचा क्लास असेल. साइट करताना आपल्याला काय सांगायचंय ते जरा बाजूला ठेवा. समोरचा काय विचारतोय, ते आधी लिहा.

आणि इतिहास? त्या पाहुण्यांनी रात्री जेवताना विचारलंच, ‘‘शिरूरला घोडनदी का म्हणतात हो?’’ आता ते पान लिहायला घेतलंय!