पदवी ते पहिली नोकरी : महाविद्यालयीन प्लेसमेंट सेलची उपयुक्तता

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी हे भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजेच किऑनिक्सने, १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या परिसरातील सुमारे ३३२ एकर जमिनीवर ही औद्योगिक वसाहत उभारली. महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांची ही मूळ कल्पना. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली आणि १९९४ मध्ये तिचे मुख्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत आले. विप्रो, एचसीएल, सिमेन्स, बायोकॉन अशा कंपन्यांची संकुले येथे उभी राहिली. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या भागांतील असंख्य पदवीधरांच्या दृष्टीने पहिल्या नोकरीचे गाव म्हणजे हाच परिसर होय.

या परिसरापर्यंत पोहोचण्याचा राजमार्ग गेली तीन दशके एकच मानला गेला. तो म्हणजे महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलने आयोजित केलेल्या कॅम्पस मुलाखती. हा मार्ग नोकरी शोधणाऱ्या पदवीधरास प्रत्यक्षात किती उपयोगी पडतो, कोणास पडतो आणि कोणास पडत नाही, याचा विचार शिक्षण आणि रोजगार या दोन्ही धोरणांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

सेवायोजन कार्यालयापासून प्लेसमेंट सेलपर्यंत

पदवीधरांना नोकरी मिळवून देण्यासाठी शिक्षणसंस्थेने स्वतंत्र व्यवस्था उभारावी, ही कल्पना नवी नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात अशी समिती १८९२ मध्ये, तर केंब्रिजमध्ये १९०२ मध्ये स्थापन झाली. भारतात १९४५ मध्ये राष्ट्रीय सेवायोजन यंत्रणेचा आरंभ झाला आणि सेवायोजन कार्यालये सुरू झाली. रिक्त पदे या कार्यालयांना कळविणे १९५९ च्या कायद्याने बंधनकारक केले. पुढे अनेक विद्यापीठांत रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रे निघाली.

या व्यवस्थेचा भर नोंदणीवर होता. शासकीय व सार्वजनिक क्षेत्रातील भरती जोपर्यंत प्रमुख होती, तोपर्यंत ती काही प्रमाणात पुरेशी ठरली. १९९१ नंतरच्या आर्थिक सुधारणांनी चित्र पालटले. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना दरवर्षी हजारो नवे पदवीधर हवे होते आणि तेही ठरावीक महिन्यांत. नोंदणीच्या रांगेतून ही गरज भागणे शक्य नव्हते. त्यामुळे कंपन्या थेट महाविद्यालयात जाऊ लागल्या आणि प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातील ‘टीपीओ’, हे पद महत्त्वाचे झाले.

कंपन्या महाविद्यालयात का येतात?

नव्या उमेदवाराची खरी कुवत कंपनीस आधी कळत नाही. ती पारखण्यास वेळ आणि पैसा लागतो. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांतानुसार अशा वेळी पदवी ही कुवतीची खूण म्हणून वापरली जाते. स्पेन्स यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅम्पस मुलाखतींमागील तर्क याच सिद्धांताने उलगडतो. कठीण प्रवेश परीक्षेतून विद्यार्थी निवडणाऱ्या संस्थेने छाननीचे निम्मे काम आधीच केलेले असते. म्हणून कंपनी तिथे प्रथम जाते. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्के गुणांची अट घालण्यामागेही छाननीचा खर्च वाचविण्याचाच हेतू असतो.

याचा परिणाम असा की, ज्या महाविद्यालयात निवडीचे काम सोपे, तिथे कंपन्यांची गर्दी होते. जिथे ते अवघड, तिथे कोणी फिरकत नाही. बेळगाव येथे मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ हे याचे बोलके उदाहरण आहे. बेंगळुरूतील आणि उत्तर कर्नाटकातील त्याच्या संलग्न महाविद्यालयांना विद्यापीठ एकच आणि पदवीही एकच. तथापि इलेक्ट्रॉनिक सिटीपासून तासाभराच्या अंतरावरील महाविद्यालयात मुलाखतीचे पथक पाठविणे आणि पाचशे किलोमीटरवर पाठविणे यांत खर्चाचा मोठा फरक पडतो. हा फरक विद्यार्थ्याच्या गुणवत्तेत नसतो, परंतु त्याच्या संधीत मात्र उतरतो.

लाभ कोणास अधिक?

प्लेसमेंट सेल तीन कामे करतो. तो नोकऱ्यांची माहिती देतो, मुलाखतीची तयारी करून घेतो आणि उमेदवाराची मालकाशी गाठ घालून देतो. पहिली दोन कामे आज अन्य मार्गांनीही होऊ शकतात. तिसरे मात्र एकट्या विद्यार्थ्यास साधणे कठीण असते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे केलेल्या अभ्यासात व्यावसायिक व तांत्रिक नोकऱ्यांतील निम्म्याहून अधिक व्यक्तींना नोकरी वैयक्तिक ओळखीतून मिळाल्याचे आढळले. ओळखीही निकटच्या आप्तांच्या नव्हेत, तर बहुधा दूरच्या परिचितांच्या होत्या. भारतीय वाचकास हे नवल वाटणार नाही. ज्याचा चुलतभाऊ वा शेजारी एखाद्या कंपनीत आहे, त्यास रिक्त जागेची वार्ता आधी कळते. ज्या घरातील पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी पदवीपर्यंत पोहोचली आहे, तिथे अशी ओळख कोठून येणार? त्यांच्यासाठी प्लेसमेंट सेल हीच ती ओळख होय. म्हणूनच या सेवेचे खरे मोल ओळखपाळख नसलेल्या विद्यार्थ्यास ती किती पुढे नेते, यावर ठरते.

नेमक्या याच ठिकाणी व्यवस्था अपुरी पडते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०२१-२२ नुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४.३३ कोटी आणि महाविद्यालयांची संख्या ४५ हजारांहून अधिक होती. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांत कला शाखेचा वाटा ३४.२ टक्के, विज्ञानाचा १४.८, वाणिज्याचा १३.३ आणि अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाचा ११.८ टक्के होता. प्लेसमेंट सेलची जी यंत्रणा सर्वांच्या डोळ्यासमोर येते, ती प्रामुख्याने या शेवटच्या ११.८ टक्क्यांभोवती उभी आहे. ग्रामीण कला-वाणिज्य महाविद्यालयांत हे काम अनेकदा एखाद्या प्राध्यापकाकडे अध्यापनाखेरीजची जबाबदारी म्हणून सोपविले जाते.

आकडे कसे वाचावेत?

प्रवेशाच्या हंगामात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ अशा जाहिराती झळकतात. त्या वाचताना छेद कोणता, हे पाहणे आवश्यक असते. समजा, एका महाविद्यालयातून ६०० विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांपैकी गुणांची अट पूर्ण करून नोंदणी केलेले ३०० आणि निवड झालेले २४० आहेत. महाविद्यालय ८० टक्के प्लेसमेंट जाहीर करते. उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या प्रमाणात ती ४० टक्केच असते. एका विद्यार्थ्यास मिळालेल्या दोन नोकऱ्या दोनदा मोजल्या, तर आकडा आणखी फुगतो.

वेतनाचेही तसेच. सर्वाधिक ‘पॅकेज’ एकाच विद्यार्थ्याचे असते. सरासरीही मोजक्या मोठ्या वेतनांनी वर सरकते. मध्यक वेतन, म्हणजे सर्व वेतने क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे वेतन, अधिक विश्वसनीय ठरते. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखड्यात म्हणजे एनआयआरएफमध्ये अभियांत्रिकी संस्थांच्या मूल्यांकनात पदवीधरांच्या फलनिष्पत्तीस २० टक्के भार आहे आणि त्यात मध्यक वेतनाचाच विचार होतो. या आराखड्याची पहिली क्रमवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली.

ऑफर लेटर आणि नोकरी यांतील अंतर

कॅम्पस भरती ही उद्योगाच्या चढउतारांशी बांधलेली असते. इन्फोसिसने २०२२-२३ मध्ये ५० हजारांहून अधिक नवपदवीधर घेतले होते. २०२३-२४ मध्ये ही संख्या सुमारे ११,९०० वर आली. त्याच वर्षी कंपनीची एकूण कर्मचारीसंख्या जवळपास २६ हजारांनी घटली. २०२२ च्या तुकडीतील अनेक अभियंत्यांना ऑफर लेटर हाती असूनही रुजू होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत ताटकळावे लागले. या काळात ज्यांनी अन्य संधी नाकारल्या, त्यांचे नुकसान दुहेरी झाले. पहिली नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यास पुढील मुलाखतींस बसू न देण्याचा ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ हा नियम संधींचे न्याय्य वाटप करण्यासाठी असतो. मात्र कंपनीने रुजू करून घेण्यास विलंब लावल्यास तोच नियम विद्यार्थ्यास अडचणीत आणतो. निवड जाहीर झाली की आपले काम संपले, अशी प्लेसमेंट सेलची भूमिका म्हणूनच अपुरी आहे.

कौशल्याचा प्रश्नही जुनाच आहे. नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या २००५ च्या अहवालाने अभियांत्रिकी पदवीधरांपैकी सुमारे एक चतुर्थांश आणि इतर पदवीधरांपैकी १० ते १५ टक्केच या उद्योगास योग्य असल्याचे म्हटले होते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत उद्धृत केलेला रोजगारक्षम युवकांचा अंदाज ५१.२५ टक्के होता. दोन्ही अंदाजांच्या व्याख्या व व्याप्ती भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु मुलाखतीपूर्वीच्या दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाने ही उणीव भरून निघणार नाही, हे उघड आहे. इन्फोसिसने २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘कॅम्पस कनेक्ट’ उपक्रमात अभ्यासक्रम आणि उद्योगाची गरज यांची सांगड अध्यापनाच्या काळातच घालण्याचा प्रयत्न होता. इलेक्ट्रॉनिक सिटीतील बायोकॉन अकादमी जीवशास्त्र शाखांच्या पदवीधरांना औषधनिर्मिती उद्योगासाठी तयार करते. विप्रोने विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता उच्च शिक्षण देण्याची योजना राबविली. अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांसाठी असे मार्ग विशेष मोलाचे आहेत. पण ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी महाविद्यालयात माहीतगार व्यक्ती असावी लागते.

कॅम्पसबाहेरील मार्ग

ज्यांच्या महाविद्यालयात कंपन्या येत नाहीत, त्यांच्यासाठी काही सार्वजनिक व्यवस्था उपलब्ध आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारकांचा समावेश झाला. २०१४ च्या दुरुस्तीने अन्य शाखांच्या पदवीधरांनाही वाव मिळाला. या योजनेसाठी मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता येथे प्रादेशिक मंडळे आहेत. २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ सुरू झाले. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत पाच वर्षांत एक कोटी युवकांना ५०० आघाडीच्या कंपन्यांत अनुभव देण्याचे उद्दिष्ट ठेवले असून, तिचा प्रायोगिक टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. शिवाय अनेक मोठ्या कंपन्या आता देशपातळीवरील ऑनलाइन चाचणीतून निवड करतात. टीसीएसची राष्ट्रीय पात्रता चाचणी हे त्याचे परिचित उदाहरण. त्यामुळे महाविद्यालयाच्या नावाचा अडसर काही अंशी दूर होतो. मात्र स्पर्धा एका वर्गापुरती न राहता देशव्यापी होते.

पुढील दिशा

प्लेसमेंट सेल नोकऱ्या निर्माण करू शकत नाही. अर्थव्यवस्थेत मागणी घटली, तर सर्वोत्तम सेलचेही आकडे घसरतात. परंतु असलेल्या नोकऱ्या कोणापर्यंत पोहोचाव्यात, यावर त्याचा निश्चित प्रभाव पडतो. त्या दृष्टीने काही बाबी अगत्याच्या आहेत. एका तालुक्यातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन संयुक्त मुलाखती आयोजित केल्यास कंपन्यांचा प्रवासखर्च विभागला जाईल. मार्गदर्शनाचा आरंभ अंतिम वर्षाऐवजी प्रथम वर्षापासून व्हावा. माजी विद्यार्थ्यांची अद्ययावत नोंद ठेवावी. कारण ज्याच्या घरी ओळख नाही, त्यास महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी हाच पहिला परिचित असतो. निवड झालेल्यांपैकी प्रत्यक्ष रुजू किती झाले आणि वर्षानंतर नोकरीत किती टिकले, हे आकडेही प्रसिद्ध व्हावेत.

बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आणि शहरातून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा प्रवास सुकर झाला. जत किंवा खानापूर येथील पदवीधराचा तिथवरचा प्रवास मात्र त्याच्या महाविद्यालयातूनच सुरू होतो. तो किती सुकर होतो, यावरच त्या महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलची उपयुक्तता जोखली जावी.